वारस म्हणून नाव, सातबारा मात्र दुसऱ्याचा

पायथनमध्ये क्यूटी वापरून एखादी खिडकी बनवायची असेल, तर सगळे ट्यूटोरियलवाले पहिल्याच धड्यात एक ओळ शिकवतात. आपल्या क्लासचं नाव लिहा, कंसात ‘क्यूविजेट’ लिहा, कोलन द्या. झालं! तुमचा क्लास आता क्यूविजेटचा वारस. ‘पेंटइव्हेंट’ नावाची मेथड लिहिली की खिडकी तुम्ही म्हणाल तशी रंगते, ‘माऊसप्रेसइव्हेंट’ लिहिली की क्लिक तुमच्या दारात येतो. इतकं सोपं की यात काही गडबड असेल अशी शंकासुद्धा येत नाही.

माझं म्हणणं असं की ही ओळ दिसते तितकी सरळ नाही, आणि ती सरळ दिसते हीच तिची खोड आहे. पायथनच्या क्लासने पायथनच्याच क्लासचा वारसा घेणं आणि पायथनच्या क्लासने सी प्लस प्लसच्या क्लासचा वारसा घेणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लिहायची पद्धत एकच ठेवली म्हणून त्या एक होत नाहीत. आणि हा फरक ज्याला कुणीच सांगितलेला नसतो, खापर नेमकं त्याच्याच डोक्यावर फुटतं. त्याबद्दल पुढे येतोच.

आधी पडद्यामागे काय चालतं ते बघू. (ज्यांना माहीत आहे त्यांनी तीन परिच्छेद सोडून उडी मारली तरी चालेल.)

क्यूटी ही सी प्लस प्लसमध्ये लिहिलेली लायब्ररी. पायथन म्हणजे काय हे तिच्या गावीही नाही. तेव्हा मधे एक दुभाषा लागतो, त्यालाच आपण बाइंडिंग म्हणतो. पायक्यूटीसाठी हे काम ‘सिप’ नावाचं साधन करतं. फिल थॉम्पसन यांनी १९९८ साली ते त्यासाठीच लिहायला घेतलं. पुढे २००९ मध्ये लायसन्सच्या मुद्द्यावरून नोकियाने स्वतःचं वेगळं बाइंडिंग काढलं, ते पायसाइड. त्यांनी आधी बूस्ट पायथन वापरून पाहिलं, फायली अवाढव्य व्हायला लागल्या, म्हणून ‘शिबोकेन’ नावाचा स्वतःचा जनरेटर लिहिला. आज तेच ‘क्यूटी फॉर पायथन’ या नावाने क्यूटी कंपनी सांभाळते. नावं वेगळी, पण युक्ती दोघांची एकच.

युक्ती अशी की, बाइंडिंग बनवतानाच जनरेटर क्यूविजेटचा सी प्लस प्लसमधला एक खराखुरा सबक्लास तयार करून ठेवतो. सिपमध्ये त्याचं नाव ‘सिपक्यूविजेट’. क्यूविजेटच्या प्रत्येक व्हर्च्युअल मेथडसाठी त्यात एकेक छोटं फंक्शन असतं आणि ते फक्त एवढंच विचारतं: माझ्या पायथनवाल्या अर्ध्याकडे या नावाची मेथड आहे का? असेल तर ती चालव, नसेल तर मूळची. म्हणजे तुम्ही ‘माझी खिडकी’ म्हणून जे एक ऑब्जेक्ट समजता, ती प्रत्यक्षात दोन ऑब्जेक्ट्स असतात. एक सी प्लस प्लसच्या मेमरीत, दुसरं पायथनच्या. दोघं एकमेकांचा हात धरून उभी. पहिल्याचं मरण ‘डिलीट’च्या हातात, दुसऱ्याचं रेफरन्स काउंटच्या.

तुमच्या क्लासच्या ‘इनिट’मध्ये आईबापांचं ‘इनिट’ बोलवायला विसरलात, तर पायक्यूटी ओरडतं की सुपरक्लासचं इनिट कधी बोलवलंच नाही. नवशिक्यांना ती शिस्तीची कटकट वाटते. खरं तर ते सांगतंय की दुसरा अर्धा जन्मलेलाच नाही.

आता यातून काय काय निघतं बघा. जनरेटरने फंक्शनं ठेवली ती व्हर्च्युअल मेथडसाठी. जी मेथड मुळातच व्हर्च्युअल नाही, तिला दार नाही. क्यूविजेटची ‘रिसाइझ’ तुम्ही पायथनमध्ये पुन्हा लिहिलीत, तर पायथनमधून बोलावल्यावर तुमची चालेल, पण क्यूटीच्या पोटातून कुणी आकार बदलला तर तुमच्या मेथडला कळणारही नाही. एरर नाही, वॉर्निंग नाही. अर्धा वेळ चालते, अर्धा वेळ नाही, आणि अर्धवट चालणारी गोष्ट ही अजिबात न चालणाऱ्या गोष्टीपेक्षा कितीतरी वाईट. त्यात पुन्हा हे आवृत्तीगणिक बदलतं. क्यूटी ३ मध्ये ‘शो’ व्हर्च्युअल होती. २००५ साली क्यूटी ४ आलं आणि ते दार बंद झालं, त्याऐवजी ‘सेटव्हिजिबल’ ओव्हरराइड करा म्हणाले. सी प्लस प्लसवाला नवीन कंपायलरने निदान ‘ओव्हरराइड’ शब्द लिहून हे पकडू शकतो. पायथनवाल्याला कोण सांगणार?

दुसरं म्हणजे, ‘सिपक्यूविजेट’ तेव्हाच बनतं जेव्हा ऑब्जेक्ट पायथनमधून जन्मतं. स्पिनबॉक्सच्या आत जी लाइनएडिट असते ती क्यूटीने स्वतः, सी प्लस प्लसमध्ये जन्माला घातलेली. तिला पायथनचं वेष्टण मिळतं, पण ती सिपवाल्या सबक्लासची नसते. तिच्यावर तुम्ही पायथनमधून कितीही मेथड चिकटवा, क्यूटी ढुंकून बघणार नाही. आणि तुमच्या स्वतःच्या ऑब्जेक्टवर आयत्या वेळी मेथड चिकटवली तर? गंमत इथे आहे. पहिल्यांदा शोधल्यावर पायथनकडे काही सापडलं नाही, की सिप ते लक्षात ठेवतं आणि पुन्हा विचारत नाही, वेगासाठी. म्हणजे पहिला इव्हेंट येण्याआधी चिकटवली तर चालते, नंतर चिकटवली तर नाही. हे ज्याला माहीत नाही त्याचा एक अख्खा शनिवार गेलाच म्हणून समजा :)

पण हे सगळं किरकोळ. खरी भानगड मालकीची.

तुम्ही एक लेबल बनवलं आणि त्याला पॅरेंट म्हणून खिडकी दिली. त्या क्षणी मालकी क्यूटीकडे गेली. व्हेरिएबल तुमच्याकडे, वापर तुमचा, पण सातबाऱ्यावर नाव पॅरेंटचं. खिडकी नष्ट झाली की लेबलचा सी प्लस प्लसवाला अर्धा तिच्याबरोबर जातो. पायथनवाला अर्धा मात्र तुमच्या व्हेरिएबलमुळे जिवंत, कुणाचा तरी सुटलेला हात हवेत धरून. त्याला हात लावलात की ‘रॅप्ड सी प्लस प्लस ऑब्जेक्ट हॅज बीन डिलीटेड’ हा प्रसिद्ध मेसेज. उलट, पॅरेंट दिलाच नाही आणि एखाद्या फंक्शनच्या आतल्या व्हेरिएबलमध्ये खिडकी ठेवली, तर फंक्शन संपताच पायथन ती गोळा करतो, खिडकी क्षणभर चमकते आणि गायब. हे दोन्ही प्रकार त्यातल्या त्यात बरे. निदान काहीतरी दिसतं. वाईट तो तिसरा प्रकार, ज्यात कुणीच मालक नसतो आणि दोघांनाही वाटतं की दुसरा बघतोय.

माझ्या ओळखीच्या एका मुलाची गोष्ट सांगतो. कंपनीचं नाव नको. दीड वर्षाचा अनुभव, कोड स्वच्छ लिहिणारा. त्याच्याकडे काम आलं ते कारखान्यातल्या टेस्टिंगच्या नोंदी झाडासारख्या उलगडून दाखवणाऱ्या एका टूलचं. त्याने क्यूअ‍ॅबस्ट्रॅक्टआयटममॉडेलचा सबक्लास लिहिला, दुसरा मार्गच नाही. या मॉडेलमध्ये ‘क्रिएटइंडेक्स’ नावाची मेथड असते, तिला ओळ, कॉलम आणि आपलं एखादं पायथन ऑब्जेक्ट द्यायचं, नंतर ‘इंटर्नलपॉइंटर’ने तेच परत मिळतं. दिलं आणि परत मिळालं, म्हणजे मधल्या वेळात कुणीतरी सांभाळलं असेल असंच कुणालाही वाटेल ना? तर नाही. क्यूटीचा इंडेक्स फक्त पत्ता लिहून ठेवतो. रेफरन्स काउंट वाढत नाही. नोंदी रिफ्रेश झाल्या, जुनी ऑब्जेक्ट्स पायथनने गोळा केली, पण व्ह्यूच्या हातात जुने इंडेक्स तसेच राहिले. पुढच्या वेळी त्या पत्त्यावर जो कुणी राहायला आला असेल त्याला क्यूटीने हाक मारली, आणि अख्खा प्रोग्रॅम नाहीसा. ट्रेसबॅक नाही, एक अक्षर नाही. आठवड्यातून एकदा-दोनदा, कधीही. आणि दर वेळी ऑपरेटरची त्या पाळीतली न साठवलेली रीडिंग्ज पाण्यात.

मॅनेजरचं म्हणणं, पायथनमध्ये असा क्रॅश येतोच कसा? तूच काहीतरी विचित्र केलं असणार. तीन आठवडे त्याने स्वतःच्याच लॉजिकमध्ये चूक शोधली, कारण आपण सगळ्यांनी त्याला हेच शिकवलंय की पायथनमध्ये मेमरीची काळजी करायची नसते. शेवटी कारण सापडलं, दुरुस्ती दोन ओळींची निघाली: जुनी ऑब्जेक्ट्स इंडेक्स जिवंत असेपर्यंत एका डिक्शनरीत धरून ठेवायची. पण त्या वर्षीच्या अप्रेझलमध्ये ‘मेमरी मॅनेजमेंटची मूलभूत समज कमी’ असा शेरा पडला तो पडलाच. मला राग येतो तो याचा. सीमारेषा पुसून टाकायची, तिथे पाटीसुद्धा लावायची नाही, आणि मग जो चुकून पलीकडे गेला त्याला विचारायचं की तुला सीमा कळत नाही का!

असो. मुद्द्यावर येतो.

सीमेची आणखी एक गोष्ट म्हणजे एक्सेप्शन. तुमच्या पेंटइव्हेंटला क्यूटीने बोलावलं आणि आत पायथनचं एक्सेप्शन उडालं, तर ते जाणार कुठे? वर सी प्लस प्लसची फ्रेम, तिला पायथनचं एक्सेप्शन झेलता येत नाही. पायक्यूटी बरीच वर्षं ते स्क्रीनवर छापून पुढे जायचं, जसं काही घडलंच नाही. २०१५ मध्ये पायक्यूटी ५.५ ने हे बदललं: तुम्ही स्वतःचा एक्सेप्टहुक लावला नसेल तर सरळ प्रोग्रॅम बंद. तेव्हा बरीच बोंबाबोंब झाली, चालू अ‍ॅप्लिकेशनं पडायला लागली म्हणून. मी मात्र या बाबतीत थॉम्पसन यांच्या बाजूने आहे. अर्धवट रंगलेली खिडकी आणि अर्धवट बदललेला डेटा घेऊन पुढे चालत राहण्यापेक्षा जागच्या जागी थांबलेलं बरं.

ज्यांनी आयुष्यात क्यूटीला हात लावला नाही ते म्हणतील, आमचा काय संबंध? संबंध आहे. पायथनची ‘डिक्ट’ हीसुद्धा सीमध्येच लिहिलेली आहे. २००१ च्या डिसेंबरात पायथन २.२ आलं आणि तिचा सबक्लास करायची सोय झाली. करून बघा: किंमत साठवणारी ‘सेटआयटम’ ओव्हरराइड करा आणि मग ‘अपडेट’ बोलवा. तुमची मेथड बाजूलाच राहते, आतलं सी सरळ स्वतःच्या तक्त्यात लिहून मोकळं होतं. ‘गेट’सुद्धा तुमच्या ‘गेटआयटम’ला विचारत नाही. पण त्याच डिक्टमध्ये पायथन २.५ पासून, म्हणजे २००६ पासून, ‘मिसिंग’ नावाची एक मेथड आहे: चौकोनी कंसात किल्ली दिली आणि ती सापडली नाही, की आतलं सी स्वतःहून थांबतं आणि सबक्लासला विचारतं. डिफॉल्टडिक्ट याच मेथडवर चालतो. फरक लक्षात आला? एक दार मालकाने स्वतः ठेवलंय. दुसऱ्या ठिकाणी आपणच भिंतीवर दाराचं चित्र काढलंय.

नमपायचंही तसंच. अ‍ॅरेचा सबक्लास केलात तर स्लाइस घेताना नवं ऑब्जेक्ट सीमध्येच जन्मतं, तुमच्या ‘इनिट’ला कुणी बोलवत नाही, म्हणून ‘अ‍ॅरे फायनलाइझ’ नावाची वेगळी मेथड लिहावी लागते. पांडाजचं डॉक्युमेंटेशन तर सबक्लासच्या प्रकरणाच्या सुरुवातीलाच सांगतं की बाबांनो, याहून सोपे पर्याय आहेत, आधी ते बघा. मला हा प्रामाणिकपणा आवडतो.

आणि जीटीकेचंही कौतुक करायला हवं. (क्यूटीवाले आणि जीटीकेवाले यांचं भांडण मला सुरू करायचं नाही, कृपया.) त्यांचं जीऑब्जेक्ट मुळातच दुसऱ्या भाषांमधून वापरलं जाणार हे धरून बांधलंय. क्लासची नोंदणी प्रोग्रॅम चालू असताना होते, त्यामुळे पायथनमध्ये केलेला सबक्लास जीटीकेच्या दप्तरात रीतसर नोंदला जातो. आणि लायब्ररीने ठेवलेली जागा भरायची असेल तर पायथनमध्ये मेथडच्या नावाआधी ‘डू’ लावावं लागतं. दिसायला कुरूप आहे, मान्य. पण वाचणाऱ्याला लगेच कळतं की या मेथडला बाहेरून बोलावणं येणार आहे. दोन अर्ध्यांपैकी कोण कधीपर्यंत जगणार यासाठी २००५ च्या जीलिब २.८ मध्ये ‘टॉगल रेफरन्स’ आला. दुसऱ्या कुणी ऑब्जेक्ट धरलंय की फक्त बाइंडिंगनेच, हे बदललं की बाइंडिंगला कळवायची ती सोय. प्रश्न आहे हे त्यांनी निदान कबूल केलं.

याउलट पायबाइंड११ घ्या, आज सी प्लस प्लसला पायथन जोडायचं म्हटलं की बहुतेक जण हेच उचलतात. त्यात मधल्या सबक्लासला ट्रॅम्पोलिन म्हणतात आणि तो तुम्हाला हाताने लिहावा लागतो. पायथनमध्ये सबक्लासचं ऑब्जेक्ट बनवलं, सी प्लस प्लसला शेअर्ड पॉइंटर म्हणून दिलं, आणि पायथनकडचा शेवटचा रेफरन्स गेला, तर? पायथनवाला अर्धा मरायचा, सी प्लस प्लसवाला जगायचा, आणि तुमची मेथड बोलावली की मूळचीच चालायची किंवा ‘प्युअर व्हर्च्युअल’ची तक्रार यायची. यावर नीट उत्तर २०२५ च्या तिसऱ्या आवृत्तीत आलं. प्रकल्प २०१५ चा. म्हणजे अतिशय हुशार माणसांनासुद्धा हा प्रश्न सोडवायला दहा वर्षं लागली, आणि आपण तो दीड वर्ष अनुभवाच्या मुलाला न सांगता देतो.

यावर एक आक्षेप हमखास येतो: मग कॅलिबर, अंकी एवढी मोठी अ‍ॅप्लिकेशनं पायक्यूटीवर उभी आहेत ती कशी? आक्षेप रास्त आहे. सबक्लास करूच नका असं मी म्हणतच नाही. पेंटइव्हेंटला किंवा मॉडेलला पर्याय नाही. मी म्हणतो, ते ऑब्जेक्ट पातळ ठेवा. पेंटइव्हेंटमध्ये तीन-चार ओळी असाव्यात, ज्या एका साध्या पायथन ऑब्जेक्टला विचारतील की काय काढू, आणि काढून मोकळ्या होतील. धंद्याचं गणित, डेटा, नियम हे सगळं त्या साध्या ऑब्जेक्टमध्ये, ज्याला क्यूटीचं नावही माहीत नाही. त्याची टेस्ट खिडकी न उघडता होते, हा वरचा फायदा. सिग्नलने काम भागत असेल तर सबक्लास कशाला? क्यूटीच्या पोटात जन्मलेल्या ऑब्जेक्टचे इव्हेंट हवे असतील तर इव्हेंट फिल्टर आहे. क्रिएटइंडेक्सला ऑब्जेक्ट देण्याऐवजी साधा आकडा द्या आणि आकड्यावरून ऑब्जेक्ट शोधायची डिक्शनरी स्वतःकडे ठेवा. न सापडलेला आकडा म्हणजे कीएरर, त्याला ट्रेसबॅक असतो.

वेगाचंही थोडं सांगून ठेवतो, कारण ‘पायथन स्लो आहे’ हे रडगाणं बऱ्याचदा इथून निघतं. टेबल रंगवताना व्ह्यू एकेका खान्यासाठी मजकूर, फॉन्ट, रंग, अलाइनमेंट असे सहा-सात प्रश्न मॉडेलच्या ‘डेटा’ मेथडला विचारतो. स्क्रीनवर चाळीस ओळी आणि दहा कॉलम असतील तर एकदा रंगवायला अडीच-तीन हजार फेऱ्या, प्रत्येक फेरीत पायथनचं मोठं कुलूप घ्यायचं, मेथड गाठायची, उत्तराचं रूपांतर करायचं, परत जायचं. तुमच्या ‘डेटा’मध्ये फाइल वाचणं किंवा तारीख फॉरमॅट करणं असलं काही असेल तर स्क्रोल करताना धापा लागणारच. तिथे पायथनला शिव्या देण्याआधी सीमा किती वेळा ओलांडतोय ते मोजा.

टीम लीड म्हणून कुणाच्या हाती असं काम देत असाल, तर पहिल्या दिवशी त्याला दोन गोष्टी द्या. एक, कागदावर काढलेले ते दोन अर्धे आणि त्यांच्यातला बाण, कोण कुणाचा मालक ते लिहून. दहा मिनिटांचं काम. दुसरी म्हणजे फॉल्टहँडलर. पायथन ३.३ पासून, म्हणजे २०१२ पासून, ते सोबतच येतं. प्रोग्रॅमच्या सुरुवातीला एका ओळीने चालू करायचं, आणि खिडकीवालं अ‍ॅप्लिकेशन असेल तर त्याला एक फाइल द्यायची, कारण तिथे कन्सोल नसतो. मग सी प्लस प्लसच्या पोटात क्रॅश झाला तरी त्या क्षणी पायथनची कुठली ओळ चालू होती ते फाइलमध्ये उतरतं. त्या मुलाच्या क्रॅशमध्ये ती ओळ इंटर्नलपॉइंटरची होती. हे चालू केल्यावर ती पहिल्याच क्रॅशमध्ये दिसली. चालू करायचं सुचलं ते तिसऱ्या आठवड्यात, तेही दुसऱ्या टीममधल्या एकाने चहाच्या वेळी सहज विचारलं म्हणून.